जुने सॉफ्टवेअर आणि नवा सर्व्हर : महाविद्यालयीन नोंदींच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयांचे ग्रंथालय, परीक्षा विभाग आणि लेखा विभाग यांत गेल्या तीन दशकांत निरनिराळ्या पिढ्यांची सॉफ्टवेअरे वापरली गेली. सर्व्हर बदलल्यावर त्यांपैकी काही चालतात, काही अर्धवट चालतात, तर काही मुळीच सुरू होत नाहीत. या अडचणी कोणत्या पातळीवर उद्भवतात, त्यांवर कोणते उपाय आहेत आणि त्या उपायांच्या मर्यादा काय आहेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत अक्षरसंकेतांचा प्रश्न सर्वांत अवघड असून कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम तो आपोआप सोडवीत नाही. म्हणून जुने सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर चालविण्यातून मिळणारा काळ हा नोंदी बाहेर काढण्यासाठी मिळालेली मुदत समजावा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : जुने सॉफ्टवेअर, सर्व्हर, १६-बिट प्रणाली, आभासी संगणक, इस्की, युनिकोड, ग्रंथालय संगणकीकरण

१. प्रास्ताविक

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजारांच्या घरात गेली. हाटकेशसारख्या भागांत वस्ती आणि लघुउद्योगांचे गाळे शेजारी शेजारी वाढले. शहरांच्या या वाढीचा काळ आणि डॉसकडून विंडोजकडे, पुढे ३२-बिटकडून ६४-बिटकडे झालेल्या स्थित्यंतराचा काळ एकच आहे. त्यामुळे या काळात ज्या शैक्षणिक संस्थांनी संगणकीकरण केले, त्यांच्याकडे एकाच कपाटात फ्लॉपी, सीडी आणि पेनड्राइव्ह अशा तीन पिढ्या सापडाव्यात यात नवल नाही.

महाविद्यालयाच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व व्यावहारिक आहे. वीस वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी परदेशी शिक्षणासाठी ट्रान्सक्रिप्ट मागतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील कर्मचाऱ्याच्या वेतननिश्चितीसाठी जुनी वेतनपत्रके लागतात. ग्रंथालयाच्या पडताळणीसाठी दाखल नोंदवहीतील प्रत्येक क्रमांकाचा माग काढावा लागतो. या नोंदींची कागदी प्रत असेल तर प्रश्न सोपा असतो. परंतु संगणकीकरणानंतर अनेकदा कागदी वह्या भरणे बंद होते, आणि त्यानंतरच्या काळाची एकमेव प्रत ज्या फाइलींत असते त्या उघडणारे सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर चालत नाही. अशा वेळी ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ ‘नोंद उपलब्ध नाही’ असा होतो.

२. पार्श्वभूमी : मराठी संगणकीकरणाचे तीन टप्पे

जुन्या सॉफ्टवेअरची अडचण समजण्यासाठी ते कोणत्या टप्प्यात तयार झाले हे प्रथम पाहावे लागते.

पहिला टप्पा डॉसचा. या काळात डीबेस व फॉक्सप्रो या प्रणालींत वेतन, प्रवेश आणि परीक्षेच्या आज्ञावली लिहिल्या गेल्या. ग्रंथालयांत युनेस्कोने १९८५ मध्ये लघुसंगणकांसाठी उपलब्ध करून दिलेले सीडीएस/आयसिस हे सॉफ्टवेअर आले. भारतात त्याचे वितरण व प्रशिक्षण राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान माहिती प्रणाली म्हणजेच निस्साट या यंत्रणेमार्फत झाले. डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसावी यासाठी पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड तयार केले होते. कानपूरच्या आयआयटीत झालेल्या संशोधनावर ते आधारलेले होते. हे कार्ड संगणकाच्या आतील खाचेत बसविले की मूळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीतही मराठी लिहिता-वाचता येई. त्यातील मजकूर इस्की या भारतीय संकेतप्रणालीत साठविला जाई. तिला १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ असा दर्जा मिळाला.

दुसरा टप्पा विंडोजचा, पण युनिकोडपूर्व. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सायबरस्केपचे आकृती, सी-डॅकचे आयएसएम आणि कृतिदेवसारखे फॉन्ट या काळात रुळले. मराठी वृत्तपत्रे, मुद्रणालये, शासकीय कार्यालये आणि महाविद्यालये यांचा व्यवहार त्यांवर चालला. याच काळात इन्फ्लिबनेट केंद्राने विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांसाठी सोल हे सॉफ्टवेअर आणले. त्याची १.० ही आवृत्ती २००० साली आली. ती व्हिज्युअल बेसिक आणि एसक्यूएल सर्व्हर यांवर आधारलेली होती.

तिसरा टप्पा युनिकोडचा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. विंडोज २००० पासून देवनागरीला ऑपरेटिंग सिस्टीममध्येच स्थान मिळाले. जानेवारी २००९ मध्ये आलेली सोल २.० ही आवृत्ती युनिकोडवर आधारित होती. असे असले तरी युनिकोड उपलब्ध झाले त्या दिवशी सर्वांनी जुने फॉन्ट सोडले, असे घडले नाही. म्हणून एकाच महाविद्यालयात तिन्ही टप्प्यांची माहिती आढळू शकते, आणि ‘जुने सॉफ्टवेअर’ हा एकच प्रश्न नसून तीन वेगवेगळे प्रश्न आहेत हे लक्षात घ्यावे लागते.

३. जुने सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर का अडते ?

३.१ प्रोसेसर आणि बिटसंख्या

विंडोज एनटीच्या ३२-बिट आवृत्त्यांमध्ये डॉस व १६-बिट विंडोजच्या आज्ञावलींसाठी एनटीव्हीडीएम नावाची अंतर्गत सोय होती. ती प्रोसेसरच्या एका विशिष्ट अवस्थेवर अवलंबून होती. ही अवस्था ६४-बिट पद्धतीने चालणाऱ्या प्रोसेसरमध्ये उपलब्ध नसते. त्यामुळे ६४-बिट विंडोजवर १६-बिट आज्ञावली मुळीच सुरू होत नाही. कोणताही पर्याय निवडला, कोणतेही अधिकार दिले, तरी त्यात फरक पडत नाही.

विंडोज सर्व्हर २००८ ही ३२-बिट रूपात मिळालेली शेवटची सर्व्हर आवृत्ती होय. २००९ च्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून पुढील सर्व सर्व्हर केवळ ६४-बिट आहेत. वापरकर्त्यांच्या संगणकांतही हाच बदल झाला. २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, आणि विंडोज १० च्या सर्वसाधारण आवृत्तीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डॉसमधील फॉक्सप्रो, सीडीएस/आयसिस आणि त्याचे विंडोज रूप असलेले विनआयसिस या मर्यादेच्या कक्षेत येतात.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा. काही सॉफ्टवेअरे स्वतः ३२-बिट असतात, परंतु त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट असतो. तेव्हा सॉफ्टवेअर ‘चालत नाही’ असे वाटते. प्रत्यक्षात ते फक्त नव्याने बसविता येत नाही. जुन्या संगणकावरील बसविलेल्या फाइली व नोंदणी व्यवस्थित हलविल्यास असे सॉफ्टवेअर अनेकदा पूर्ववत चालते.

३.२ ३२-बिट सॉफ्टवेअरच्या अडचणी

व्हिज्युअल बेसिक ६ किंवा व्हिज्युअल फॉक्सप्रो यांत लिहिलेली ३२-बिट सॉफ्टवेअरे ६४-बिट विंडोजमधील वॉव६४ या सोयीमुळे चालतात. त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात. विंडोज ६४-बिट आणि ३२-बिट घटक स्वतंत्र ठिकाणी ठेवते. डेटाबेसशी जोडणी करणारे ओडीबीसी व्यवस्थापकही दोन असतात. ६४-बिट व्यवस्थापकात केलेली जोडणी ३२-बिट सॉफ्टवेअरला दिसत नाही. जेट ४.० हा ॲक्सेस फाइलींचा चालक आणि व्हिज्युअल फॉक्सप्रोचे चालक केवळ ३२-बिट आहेत. वेब सर्व्हरवरून त्यांचा उपयोग करावयाचा झाल्यास संबंधित ॲप्लिकेशन पूलमध्ये ३२-बिट आज्ञावलींना मुभा द्यावी लागते. एवढ्या एका बदलाने सुटणारी अडचण ‘सॉफ्टवेअर कालबाह्य झाले’ या निष्कर्षाखाली दडून जाऊ शकते.

दुसरी अडचण अधिकारांची. जुन्या काळी आज्ञावली स्वतःच्या फोल्डरमध्ये किंवा थेट विंडोजच्या फोल्डरमध्ये लिहीत असे. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून सामान्य वापरकर्त्याला तेथे लिहिण्यास मनाई आहे. काही वेळा विंडोज ही गोष्ट झाकून नेते आणि लिहिलेली फाइल त्या वापरकर्त्याच्या खासगी जागेत ठेवते. परिणामी एका लिपिकाने केलेली नोंद त्याच सर्व्हरवर बसलेल्या दुसऱ्या लिपिकाला दिसत नाही. प्रत्येकाला आपली नोंद दिसत असल्यामुळे हा दोष लवकर उघडकीस येत नाही. सर्वांना प्रशासकाचे अधिकार देणे हा त्यावरचा सोपा परंतु घातक मार्ग होय. सॉफ्टवेअर संरक्षित फोल्डरऐवजी स्वतंत्र फोल्डरमध्ये बसवून केवळ त्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगी देणे हा योग्य मार्ग आहे.

‘कंपॅटिबिलिटी मोड’ या पर्यायाबद्दलही गैरसमज आढळतो. हा पर्याय जुनी विंडोज निर्माण करीत नाही. तो आज्ञावलीला विंडोजची जुनी आवृत्ती असल्याचे सांगतो आणि काही ठरावीक प्रतिसाद जुन्या पद्धतीने देतो. आवृत्ती तपासून थांबणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याचा उपयोग होतो. १६-बिट आज्ञावलीला किंवा जुन्या ड्रायव्हरला होत नाही.

३.३ यंत्रभाग आणि ड्रायव्हर

जिस्ट कार्ड ज्या प्रकारच्या खाचेत बसत असे ती खाच आजच्या मदरबोर्डवर नसते. समांतर पोर्टवर लावावयाच्या हार्डवेअर लॉकची स्थितीही तशीच आहे. ड्रायव्हर हा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात काम करीत असल्यामुळे ६४-बिट विंडोजला ६४-बिट आणि अधिकृत स्वाक्षरी असलेलाच ड्रायव्हर लागतो. उत्पादकाने तो तयार केला नसेल तर वापरकर्त्याच्या हाती काही उरत नाही. छपाईची अडचणही याच वर्गातील आहे. डॉस आज्ञावली गुणपत्रकाचा मजकूर थेट पोर्टकडे पाठविते. डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र तो मजकूर जसाच्या तसा छापते. केवळ विंडोजच्या ड्रायव्हरवर अवलंबून असलेल्या स्वस्त लेझर यंत्राला तो समजत नाही.

३.४ नेटवर्क आणि डेटाबेस

फॉक्सप्रोसारख्या प्रणालीत सर्व्हर फक्त फाइल ठेवतो; शोधणे, लिहिणे आणि अनुक्रमणिका अद्ययावत करणे ही कामे प्रत्येक वापरकर्त्याचा संगणक करतो. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून आलेल्या एसएमबीच्या दुसऱ्या आवृत्तीत वेग वाढविण्यासाठी फाइलविषयीची माहिती वापरकर्त्याच्या संगणकावर काही सेकंद राखून ठेवली जाते. जुन्या आज्ञावलीला हे ठाऊक नसते. दोन लिपिक एकाच वेळी नोंद करू लागले की अनुक्रमणिका बिघडते, नोंद असूनही सापडत नाही. यावरील व्यवहार्य उपाय म्हणजे सर्व वापरकर्त्यांनी रिमोट डेस्कटॉपद्वारे सर्व्हरवरच काम करणे. त्यामुळे फाइल नेटवर्कवरून प्रवास करीत नाही. अर्थात त्यासाठी स्वतंत्र परवाने घ्यावे लागतात.

एसक्यूएल सर्व्हरवर आधारलेल्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळाच अडथळा येतो. एसक्यूएल सर्व्हर २००० ची बॅकअप प्रत २०१२ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत थेट उघडता येत नाही. ती प्रथम २००८ किंवा २००८ आर२ मध्ये पुनःस्थापित करून तेथून नवी बॅकअप प्रत घ्यावी लागते. मधली पायरी माहीत नसल्यास चांगली बॅकअप प्रतही निरुपयोगी भासते.

४. चालविण्याचे मार्ग आणि त्यांच्या मर्यादा

वरील विवेचनावरून उपायांची निवड करता येते. सॉफ्टवेअर ३२-बिट असेल तर स्वतंत्र फोल्डर, योग्य अधिकार आणि ३२-बिट चालक एवढ्यावर काम भागण्याची शक्यता अधिक असते. मायक्रोसॉफ्टचे मोफत मिळणारे प्रोसेस मॉनिटर हे साधन आज्ञावली कोणती फाइल किंवा नोंद शोधताना अडली हे दाखविते. अंदाजाने अधिकार वाढवीत जाण्यापेक्षा या साधनाने नेमके कारण शोधणे केव्हाही श्रेयस्कर.

सॉफ्टवेअर डॉसमधील असेल तर डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस यांसारखी अनुकरण साधने उपयोगी पडतात. ती प्रोसेसरचे अनुकरण सॉफ्टवेअरमध्ये करीत असल्याने ६४-बिट मर्यादा त्यांना लागू होत नाही. डॉसबॉक्सची रचना मुख्यतः खेळांसाठी झाली. व्हीडॉसचा भर कार्यालयीन आज्ञावली व छपाई यांवर आहे. एकाने जुनी नोंद पाहण्यासाठी ती पुरेशी आहेत. अनेकांनी एकाच वेळी नोंदी भरण्यासाठी त्यांच्यावर विसंबणे योग्य नाही.

तिसरा मार्ग आभासी संगणकाचा. विंडोज सर्व्हर २००८ पासून उपलब्ध असलेल्या हायपर-व्ही या सोयीने नव्या सर्व्हरच्या आत जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसह संपूर्ण संगणक उभा करता येतो. चालू स्थितीतील जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कची आभासी प्रत करणारे डिस्क२व्हीएचडी हे साधनही मोफत आहे. जुना संगणक अखेरचा श्वास घेत असेल, तर त्याची अशी प्रत सर्वांत आधी करावी. दुरुस्तीचे आणि रूपांतराचे विचार नंतर. मात्र येथेही दोन मर्यादा आहेत. आभासी संगणकात जिस्ट कार्ड बसविता येत नाही. शिवाय संगणकासोबत मिळालेला विंडोजचा परवाना सामान्यतः त्याच यंत्राशी बांधलेला असतो. म्हणून आभासी प्रतीसाठी परवान्याच्या अटी तपासणे आवश्यक ठरते.

५. सुरक्षिततेचा प्रश्न

जुने सॉफ्टवेअर चालू ठेवण्यासाठी अनेकदा जुनी ऑपरेटिंग सिस्टीमही चालू ठेवली जाते. विंडोज सर्व्हर २००३ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी, सर्व्हर २००८ व २००८ आर२ यांचा १४ जानेवारी २०२० रोजी, तर सर्व्हर २०१२ व २०१२ आर२ यांचा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. या तारखांनंतर सापडणाऱ्या त्रुटींवर सर्वसामान्य ग्राहकाला दुरुस्ती मिळत नाही.

याचे गांभीर्य २०१७ मध्ये दिसून आले. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेतला. आधार संपलेल्या विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांसाठीही मायक्रोसॉफ्टला अपवाद करून दुरुस्ती द्यावी लागली. तथापि या हल्ल्यात सर्वाधिक बाधा झाली ती विंडोज ७ च्या संगणकांना, आणि त्यांच्यासाठीची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. याचा अर्थ असा की प्रणालीच्या वयाइतकीच निगेतील दिरंगाईही धोकादायक असते. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, नॉटपेट्या या हल्ल्याची झळ महाराष्ट्राला बसली. मर्स्क समूहाचे संगणक बाधित झाल्यामुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. या हल्ल्याचा प्रारंभ युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून झाला होता. एका देशातील हिशेबाच्या पॅकेजमधील छिद्र उरणजवळच्या बंदराला भोवू शकते, तर महाविद्यालयाच्या नेटवर्कवरील एक विसरलेला संगणक संपूर्ण कार्यालयाला भोवणे अशक्य नाही.

नव्या विंडोज सर्व्हरमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती मुळात बसविलेली नसते. एक्सपीचा एखादा संगणक जोडता यावा म्हणून ती पुन्हा सुरू करणे म्हणजे एका खोलीच्या सोयीसाठी इमारतीचे दार उघडे ठेवण्यासारखे आहे. जुनी प्रणाली चालवावयाचीच असेल तर ती आभासी संगणकात, इंटरनेट आणि कार्यालयीन नेटवर्क यांपासून पूर्ण अलग ठेवून चालवावी. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती हा आता कायद्याचाही विषय आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकली आहे.

६. अक्षरांचा प्रश्न

येथवर वर्णिलेले प्रश्न जगातील कोणत्याही भाषेच्या कार्यालयाला सारखेच लागू पडतात. मराठीचा खास प्रश्न यापुढे सुरू होतो. समजा, आभासी संगणकात फॉक्सप्रो सुरू झाले, तक्ता उघडला, नोंदींची संख्याही बरोबर आहे. पण नावाच्या रकान्यात उच्चार न करता येणारी चिन्हे दिसत आहेत. सॉफ्टवेअर चालले, तरी नोंद वाचता येत नाही.

याचे कारण युनिकोडपूर्व फॉन्टांच्या रचनेत आहे. त्या फॉन्टांत अक्षराचा उच्चार साठविला जात नसे. अक्षराच्या आकाराचे तुकडे साठविले जात. रोमन चिन्हांसाठी ठरलेल्या २५६ जागांपैकी उपलब्ध जागांवर प्रत्येक उत्पादकाने हे तुकडे आपापल्या सोयीने बसविले. श्रीलिपीतील एखाद्या क्रमांकावर जो तुकडा असेल तोच आकृतीत किंवा कृतिदेवमध्ये असेल असे नाही. फाइलीत केवळ क्रमांक असतात. कोणता फॉन्ट वापरला याची नोंद डीबीएफ तक्त्यात नसते. ती आज्ञावलीत किंवा ती चालविणाऱ्या माणसाच्या स्मरणात असते.

तुकड्यांच्या या पद्धतीत क्रमही दिसण्याप्रमाणे असतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती सामान्यतः व्यंजनाच्या आधी साठविली जाते. परिणामी ‘शिंदे’, ‘चिपळूणकर’, ‘दिवेकर’ आणि ‘निकम’ या सर्व आडनावांचे पहिले चिन्ह एकच, वेलांटी, ठरते. वर्णानुक्रम लावला की ही आडनावे एकत्र गोळा होतात. ‘कर्वे’ या नावातील रफार ‘वे’च्या नंतर साठविला जातो. त्यामुळे रूपांतर करताना केवळ एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवून चालत नाही. वेलांटी पुढे आणि रफार मागे न्यावा लागतो. इस्कीत मात्र क्रम उच्चाराप्रमाणे असतो. म्हणून डॉसकाळातील जिस्टवरील माहिती, वयाने जुनी असूनही, नंतरच्या फॉन्टांतील माहितीपेक्षा सुलभतेने युनिकोडमध्ये येते. विंडोजमध्ये इस्की देवनागरीसाठी ५७००२ या क्रमांकाचे कोडपृष्ठही आहे. मानकानुसार साठविलेली जुनी नोंद आज अधिक सुरक्षित आहे, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

रूपांतरात दोन ठिकाणी हमखास घात होतो. पहिले ठिकाण कोडपृष्ठाचे. डॉस आणि विंडोज यांच्यात १२७ नंतरच्या चिन्हांचे क्रमांक वेगळे असल्याने डॉसचा तक्ता विंडोजमधील फॉक्सप्रोमध्ये किंवा ओडीबीसीमार्फत उघडताना ती चिन्हे आपोआप बदलली जाऊ शकतात. युरोपीय भाषांसाठी ही सोय उपकारक आहे. मराठीचा मात्र जवळजवळ सर्व मजकूर त्याच क्रमांकांत असल्याने तो बिघडतो, आणि बदललेला तक्ता जतन केला तर बिघाड कायमचा होतो. म्हणून मूळ फाइलीची न उघडलेली प्रत वेगळी ठेवणे आणि हे आपोआप होणारे रूपांतर बंद करूनच तक्ता उघडणे ही पूर्वअट होय.

दुसरे ठिकाण मराठीच्या खास अक्षरांचे. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेली रूपांतर साधने ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांत चुकू शकतात. ‘आचाऱ्यांना’ या शब्दाचे ‘आचार्यांना’ झाले तर स्वयंपाक्याचे मानधन प्राध्यापकाच्या नावे दिसेल! युनिकोडमध्येही हे अक्षर दोन प्रकारे लिहिले गेलेले आढळते : एकदा ‘ऱ’ला हलन्त जोडून आणि एकदा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, शोधयंत्राला नाहीत. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई. ‘ॲडव्होकेट’ शोधताना जुन्या नोंदी न सापडण्याचे कारण येथे असू शकते. रूपांतर पूर्ण झाल्यावर अशा जोड्यांचे एकरूपीकरण करणे आवश्यक आहे.

७. शिफारशी

१) सर्व्हर बदलण्यापूर्वी प्रत्येक सॉफ्टवेअरची नोंद करावी : ते १६-बिट की ३२-बिट, माहिती कोणत्या प्रकारच्या फाइलीत, मराठी मजकूर कोणत्या फॉन्टात, हार्डवेअर लॉक आहे काय, आणि ते चालविणारी व्यक्ती केव्हा निवृत्त होणार. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरू शकतो.

२) जुना संगणक बंद करण्यापूर्वी त्याची आभासी प्रत आणि मूळ फाइलींची केवळ वाचण्याजोगी प्रत घ्यावी. वापरलेले फॉन्टही याच प्रतीसोबत जपावेत. फॉन्ट हरवला तर रूपांतर बरोबर झाले की नाही हे ठरविण्याचे साधनच नाहीसे होते.

३) ग्रंथालयीन माहितीसाठी उपलब्ध मानकांचा उपयोग करावा. सीडीएस/आयसिसमधून आयएसओ २७०९ या विनिमय स्वरूपात नोंदी काढता येतात. मात्र त्यातील रकान्यांचे क्रमांक प्रत्येक ग्रंथालयाने स्वतः ठरविलेले असतात. म्हणून मार्क २१ शी त्यांची जुळणी करणारा तक्ता ग्रंथपालानेच तयार करावा. त्यानंतर त्या नोंदी कोहा किंवा सोलच्या नव्या आवृत्तीत घालता येतात.

४) रूपांतराची पडताळणी तीन प्रकारे करावी : नोंदींची संख्या, गुण व रकमा यांच्या बेरजा, आणि काही नोंदींचे माणसाने केलेले वाचन. बेरीज जुळली म्हणजे नाव बरोबर आले असे सिद्ध होत नाही. वाचनासाठी नोंदी निवडताना वेलांटी, रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’ असलेली नावे मुद्दाम घ्यावीत.

५) जुनी प्रणाली केवळ पाहण्यासाठी किती काळ ठेवावयाची, तिची अखेरची तारीख कोणती आणि जबाबदार कोण, हे लेखी ठरवावे. नवीन नोंदी मात्र पहिल्या दिवसापासून नव्या प्रणालीतच कराव्यात.

६) नवे सॉफ्टवेअर घेताना करारात युनिकोड मजकूर आणि संपूर्ण माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढण्याची सोय या दोन अटी असाव्यात. आजचे नवे सॉफ्टवेअर हे उद्याचे जुने सॉफ्टवेअर आहे.

८. समारोप

जुने सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर चालविणे बहुतेक वेळा शक्य असते. अडचण कोणत्या पातळीवर आहे हे ओळखले की उपायही सापडतो. परंतु अधिकार, चालक, अनुकरण आणि आभासी संगणक हे सर्व उपाय आज्ञावलीला जगवितात. नोंदीला वाचनीय ठेवण्याचे काम त्यांच्या कक्षेबाहेर राहते. ते काम भाषा जाणणाऱ्या आणि त्या नोंदी ओळखणाऱ्या माणसांनाच करावे लागते. दाखल नोंदवहीतील कोणते पुस्तक कोणत्या नावाने नोंदविले होते, परीक्षा विभागातील कोणता रकाना कशासाठी वापरला जाई, कोणता फॉन्ट कोणत्या वर्षी बदलला, हे सांगणारी माणसे सेवेत आहेत तोवर हे काम कमी खर्चात आणि खात्रीने होऊ शकते. त्यांच्या निवृत्तीनंतर फाइली शिल्लक राहतील, सर्व्हरही चालू राहील, पण त्यातील नाव कोणाचे हे सांगता येणार नाही. म्हणून या प्रश्नाकडे केवळ तांत्रिक दुरुस्ती म्हणून न पाहता संस्थेच्या अभिलेखजतनाचा भाग म्हणून पाहणे अगत्याचे आहे.